साइट उघडत नाही, मेल पोचत नाही: गाडं नेमकं कुठं अडलंय?

साइट उघडली नाही की बहुतेक घरांत पहिला उपाय ठरलेला असतो: राउटर बंद करून पुन्हा चालू करायचा. कधी जमतं, कधी नाही. नाही जमलं की मोबाइल रीस्टार्ट, मग दुसरा ब्राउझर, मग कुणीतरी सुचवलेलं एखादं ॲप आणि शेवटी 'सर्व्हर डाउन असेल' म्हणून नाद सोडून देणं. मधेच साइट उघडलीच, तरी ती कशामुळे उघडली हे कळत नाही. म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हे टाळायचं तर प्रश्न बदलायला हवा. 'का बंद आहे?' याचं उत्तर बऱ्याचदा आपल्या हातात नसतं. 'कुठपर्यंत पोचतंय?' याचं उत्तर मात्र घरबसल्या काढता येतं. साइटचं नाव टाकल्यापासून पान दिसेपर्यंत ठरावीक टप्पे असतात: आपला फोन किंवा कॉम्प्युटर, घरचा राउटर, इंटरनेट कंपनी, नावावरून आकड्यांतला पत्ता शोधणं, वाटेतलं जाळं आणि पलीकडचा सर्व्हर. एक खूणगाठ मात्र आधीच बांधून ठेवा. नकार वेगळा आणि शांतता वेगळी. कुणाच्या दाराची कडी वाजवली आणि आतून 'आत्ता भेटणार नाही' असं ऐकू आलं, तर निदान घर सापडलं आणि आत माणूस आहे एवढं तरी कळतं. काहीच ऐकू आलं नाही, तर पत्ता चुकला की घर रिकामं आहे, हे शोधावं लागतं. साइट असो की ईमेल, पुढची सगळी तपासणी या फरकावर चालते.

आधी दोन प्रश्न

पहिला प्रश्न: बाकीच्या साइट उघडतात का? इथे रोजची साइट उघडून बघू नका. तिचं जुनं पान फोनमध्ये साठवलेलं असू शकतं. एरवी ज्या साइटवर जात नाही, अशी एखादी उघडा.

दुसरा प्रश्न: तीच साइट दुसऱ्या वाटेने उघडते का? फोनचं वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावर बघा. वायफाय बंद करायचं विसरून 'मोबाइलवर पण उघडत नाही' असं सांगणारे पुष्कळ असतात. प्रत्यक्षात तो मोबाइलही घरच्याच राउटरवरून जात असतो. शक्य असेल तर दुसऱ्या गावातल्या कुणाला तरी तीच साइट उघडून बघायला सांगा.

या दोन उत्तरांवरून निम्मं काम होतं.

- घरातल्या कुठल्याच यंत्रावर काही उघडत नाही, मोबाइल डेटावर मात्र सगळं चालतं: दोष घरच्या लाइनमध्ये किंवा इंटरनेट कंपनीकडे.
- एकाच लॅपटॉपवर अडतं, बाकी यंत्रांवर ठीक: दोष त्या लॅपटॉपमध्ये.
- एकच साइट वायफायवर उघडत नाही, मोबाइल डेटावर उघडते: नावाचा पत्ता शोधण्यात, कंपनीच्या वाटेत किंवा कंपनीने घातलेल्या बंदीत गोम आहे.
- एकच साइट कुठूनच उघडत नाही: दोष पलीकडे. राउटरला हात लावण्यात अर्थ नाही.

पुढे काहीही करून बघताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लगेच निकाल बघा. डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी व्यवस्था) बदललं, व्हीपीएन काढलं आणि अँटिव्हायरस बंद केला असं तिन्ही एकदम केलंत, तर गुण कशाचा आला ते कधीच कळणार नाही.

घरातला तपास

फायबरचं कनेक्शन असेल तर आधी डब्यावरचे दिवे बघा. 'लॉस' लिहिलेला दिवा लाल झाला असेल, तर फायबरमधून येणारा प्रकाशच डब्यापर्यंत पोचत नाही. अशा वेळी राउटर दहादा बंद-चालू करून उपयोग नाही. मागची बारीक केबल कपाटामागे दुमडली आहे का, साफसफाईत ओढली गेली आहे का, तेवढं बघा आणि कंपनीला फोन करा. 'पॉन'चा दिवा स्थिर हिरवा आहे पण 'इंटरनेट'चा दिवा लागत नाही, तर केबल ठीक आहे आणि अडचण खात्याची किंवा कंपनीच्या यंत्रणेची आहे. प्लॅनची मुदत संपली का, हे इथे आधी तपासा.

वायफाय जोडलेलं दिसतं पण खाली 'नो इंटरनेट' असं येतं, तेव्हा फोन राउटरपर्यंत पोचला आहे आणि पुढे अडला आहे. कॉम्प्युटरचा आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने त्याला पत्ताच दिलेला नाही आणि तो राउटरच्याही अलीकडे अडला आहे. स्टेशनवर किंवा हॉटेलात वायफाय जोडूनही काही उघडत नसेल, तर बहुधा लॉगिनचं पान भरायचं राहिलेलं असतं.

लॅपटॉपची तारीख-वेळही बघून घ्या. जुन्या डेस्कटॉपची आतली छोटी बॅटरी संपली की घड्याळ काही वर्षं मागे जातं आणि धडधाकट साइटसुद्धा 'सुरक्षित नाही' म्हणून अडवल्या जातात. कारण साइटच्या प्रमाणपत्राची मुदत तुमच्या घड्याळावरून मोजली जाते.

अँड्रॉइड फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' नावाची सेटिंग असते. जाहिराती अडवण्यासाठी कुणीतरी तिथे एखादं नाव टाकून दिलेलं असतं आणि ती सेवा बंद पडली की त्या फोनचं सगळं इंटरनेट ठप्प होतं. ही सेटिंग 'ऑटोमॅटिक'वर आणून बघा. मग व्हीपीएन बंद करून बघा. नंतर ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी. तिथे साइट उघडली, तर जुन्या कुकीज किंवा एखादं एक्स्टेन्शन आड येतंय असं समजा.

पडद्यावरचा मजकूर वाचा

'एरर येतोय' असं सांगून कुणालाच काही कळत नाही. एररचे शब्द महत्त्वाचे असतात. क्रोममध्ये मोठ्या वाक्याखाली बारीक राखाडी अक्षरांत जे लिहिलेलं असतं, ते खरं निदान.

*'डीएनएस प्रोब फिनिश्ड एनएक्सडोमेन'*: या नावाचा पत्ताच सापडला नाही. आधी स्पेलिंग आणि शेवटचं शेपूट तपासा. 'डॉट इन', 'डॉट को डॉट इन' आणि 'डॉट कॉम' यांत गल्लत सर्रास होते.

*'कनेक्शन टाइम्ड आउट'*: पत्ता सापडला, पण पलीकडून चकार शब्द आला नाही. सर्व्हर बंद असेल, वाटेत तुटलं असेल किंवा फायरवॉल तुम्हाला गुपचूप गाळत असेल. हीच ती शांतता. तिची कारणं अनेक असतात, म्हणून इथे दुसऱ्या नेटवर्कवरून बघणं सर्वांत उपयोगी पडतं.

*'रिफ्यूज्ड टू कनेक्ट'*: बहुतेक वेळा पलीकडचं यंत्र जिवंत असतं, पण साइट दाखवणारा प्रोग्राम चालू नसतो. तुमचं नेट ठीक आहे.

*'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट'*: साइटचं प्रमाणपत्र मुदतबाह्य आहे, दुसऱ्याच नावाचं आहे किंवा मधे कुणीतरी डोकावतं आहे. घड्याळ बरोबर असूनही हे दिसलं आणि साइट बँकेची किंवा पैसे भरायची असेल, तर 'तरीही पुढे जा' हे बटण दाबू नका.

*तीन आकडी क्रमांक*: एखादा तीन आकडी क्रमांक आणि त्याचा संदेश दिसला की समजा, मजल दरमजल करत तुम्ही वेब सर्व्हरपर्यंत किंवा निदान त्याच्या पुढे उभ्या असलेल्या सेवेपर्यंत पोचलात. राउटर आणि डीएनएस संशयितांच्या यादीतून सुटले. ४०४ म्हणजे साइट आहे पण ते पान नाही. पत्त्याचा शेवटचा भाग काढून मुख्य पानावरून शोधत या. ४०३ म्हणजे तुम्हाला परवानगी नाही. व्हीपीएन काढून बघा. ४२९ म्हणजे फार वेळा मागणी केलीत, जरा दम धरा. ४५१ म्हणजे कायदेशीर कारणाने रोखलेलं. आणि ५०० पासून पुढचे सगळे क्रमांक पलीकडचा बिघाड सांगतात. त्यातला ५०३ बऱ्याचदा गर्दीचा असतो. परीक्षेचा निकाल लागला की पहिल्या तासात लाखो पोरं आणि त्यांचे आईबाप एकाच पानावर तुटून पडतात, तेव्हा हाच दिसतो. मिनिटाला दहा वेळा रिफ्रेश केल्याने गर्दीत भरच पडते. तो तास जाऊ द्या किंवा डिजिलॉकरसारखी दुसरी अधिकृत वाट धरा.

क्लाउडफ्लेअर या कंपनीमार्फत चालणाऱ्या साइट बिघडल्या की तीन चित्रं असलेलं एक पान येतं: डावीकडे तुमचा ब्राउझर, मधे ढग, उजवीकडे मूळ सर्व्हर. ढगाखाली जवळच्या केंद्राच्या शहराचं नाव असतं. आपल्याकडे बऱ्याचदा मुंबई. ज्या चित्रावर लाल फुली, तिथे गाडं अडलं. ब्राउझर आणि ढग हिरवे, सर्व्हरवर फुली आणि वर ५२१ किंवा ५२२ असा आकडा दिसला, तर साइटच्या मालकाने बघायचं काम आहे.

नाव सापडतंय का?

कॉम्प्युटर एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, आपण नावांनी. नावावरून आकडा काढून देणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये तिचा आराखडा मांडला. त्याआधी सगळी नावं एकाच फाइलमध्ये असत आणि जो तो तिची प्रत उतरवून घेई. 'होस्ट्स' नावाची तशी फाइल अजूनही प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये असते. एकच साइट एकाच कॉम्प्युटरवर अडत असेल आणि बाकी सगळं तपासून झालं असेल, तर त्या फाइलमध्ये कुणी नको ती नोंद करून ठेवली आहे का, हे बघायला हवं.

तपासणी सोपी आहे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, रोमन लिपीत सलग 'एनएसलुकअप' लिहा, जागा सोडून साइटचं नाव लिहा आणि एंटर दाबा. आकडे आले तर नाव सापडलं. मग तीच ओळ पुन्हा लिहून शेवटी जागा सोडून ८.८.८.८ लिहा. म्हणजे तोच प्रश्न आपल्या कंपनीऐवजी गूगलच्या डीएनएसला विचारला जातो. कंपनीचं डीएनएस 'नाही' म्हणतंय आणि गूगलचं आकडे देतंय, तर दोष किंवा बंदी कंपनीकडे. दोघंही 'नाही' म्हणतात, तर त्या साइटच्या नावातच काहीतरी बिघडलं आहे. मोठ्या साइटचे आकडे दोन ठिकाणी वेगवेगळे आले तर घाबरू नका. त्यांचे सर्व्हर अनेक असतात.

बिघाड कंपनीच्या डीएनएसचा निघाला, तर राउटरमध्ये किंवा फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये गूगलचं ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचं १.१.१.१ टाकून काम भागतं.

नाव सापडेनासं झालं की किती मोठं काही कोसळू शकतं, हे ४ ऑक्टोबर २०२१ ला जगाने पाहिलं. भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले होते. फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम एकाच वेळी बंद पडले ते सुमारे सहा तास. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने फेसबुकची डेटा सेंटर एकमेकांपासून तुटली आणि त्यांच्या डीएनएस सर्व्हरकडे जाणारे मार्गच इंटरनेटवरून गायब झाले. आत यंत्रं चालू होती, पण बाहेरच्या कुणालाच त्यांचा पत्ता मिळेना. त्या रात्री कित्येकांनी फोन रीस्टार्ट केले, ॲप काढून पुन्हा टाकलं. बाकी साइट उघडताहेत, ही तिन्ही ॲप मात्र ना वायफायवर चालताहेत ना मोबाइल डेटावर, एवढं पाहिलं असतं तरी दोष आपल्याकडे नाही हे मिनिटभरात कळलं असतं.

वाटेतले अडथळे

'पिंग' ही आज्ञा माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली आणि ती आजही तितकीच कामाची आहे. ८.८.८.८ ला पिंग केलं आणि उत्तर आलं, पण नावाने काहीच उघडत नाही, तर लाइन ठीक आहे आणि अडचण डीएनएसची आहे. मात्र एखाद्या साइटकडून पिंगचं उत्तर आलं नाही म्हणून ती बंद आहे असं ठरवू नका. बरेच सर्व्हर सुरक्षेसाठी पिंगला उत्तरच देत नाहीत.

विंडोजमधली 'ट्रेसर्ट' आज्ञा वाटेतले थांबे ओळीने दाखवते. पहिली ओळ तुमच्या राउटरची, पुढच्या काही इंटरनेट कंपनीच्या. मधल्या एखाद्या ओळीत फुल्या दिसल्या आणि पुढच्या ओळी उत्तर देत असतील, तर दुर्लक्ष करा. एका ठिकाणापासून शेवटपर्यंत फुल्याच फुल्या असतील, तेव्हा अडथळा तिथपासून पुढे आहे असं मानायला जागा आहे.

समुद्राखालच्या केबलींचाही विचार करावा लागतो. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अशा अनेक केबली येऊन पोचतात. जानेवारी २००८ च्या अखेरीस इजिप्तजवळ केबली तुटल्या तेव्हा भारतातलं इंटरनेट कित्येक दिवस रखडत चालत होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ केबली तुटल्यावरही भारतात वेग मंदावला. अशा वेळची खूण ही की एकच साइट बंद पडत नाही. परदेशातलं बरंच काही एकदम सुस्तावतं आणि देशातल्या साइट बऱ्यापैकी चालतात.

काही अडथळे मुद्दाम घातलेले असतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली सरकार साइट बंद करायला लावू शकतं, न्यायालयंही तसे आदेश देतात. कधी कंपनी तशी सूचना दाखवते, कधी नुसतंच टाइम आउट होतं. तणावाच्या काळात जिल्ह्यापुरतं इंटरनेट बंद केलं जातं. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात ते झालं होतं. परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींना वेगळाच अनुभव येतो: भारतातली कित्येक सरकारी संकेतस्थळं देशाबाहेरून उघडतच नाहीत. लंडनहून किंवा दुबईहून टाइम आउट येत असेल, तर साइट बंद आहे असं समजण्याआधी इथल्या नातेवाइकाला उघडून बघायला सांगा. याच्या उलटही घडतं. पुण्यात बसून परदेशी व्हीपीएन चालू ठेवलात, तर तुम्हालाही तीच वागणूक मिळते.

आणि कधी एकाच ठिकाणी माशी शिंकते आणि शेकडो सेवा बसतात. २० ऑक्टोबर २०२५, नरक चतुर्दशीच्या दुपारी ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया केंद्रात डीएनएसची एक नोंद बिघडली आणि स्नॅपचॅट, कॅनव्हा, सिग्नल यांच्यासह असंख्य सेवा अडखळल्या. महिना होत नाही तोच १८ नोव्हेंबरला क्लाउडफ्लेअर कोलमडलं, तेव्हा 'कुठल्या साइट बंद आहेत' हे सांगणारी डाउनडिटेक्टर ही साइटसुद्धा नीट उघडेना. असंबद्ध वाटणाऱ्या चार-पाच साइट एकाच वेळी गेल्या, की असा सामाईक आधार ढासळला असावा.

मेल गेला कुठे?

ईमेलचं निदान साइटपेक्षा अवघड असतं, कारण पाठवणाऱ्याला वाटतं पोचला आणि घेणाऱ्याला वाटतं पाठवलाच नाही. इथेही तोच नियम: मेल नकार घेऊन परत आला, तर अर्धं काम झालं. 'मेलर-डीमन'कडून आलेलं ते पत्र वाचायचा कंटाळा करू नका. त्यात एक क्रमांक असतो.

- ५५० आणि ५.१.१: असा पत्ता नाही. स्पेलिंग चुकलं, किंवा तो माणूस ती नोकरी सोडून गेला.
- ५.२.२: समोरच्याची मेलपेटी भरली आहे. फोन करून सांगा.
- ५.३.४ किंवा ५.२.३: मेल फार जड आहे. जोडलेली फाइल मेलमधून जाताना सुमारे एक तृतीयांशाने फुगते. म्हणून १० एमबीची मर्यादा असलेल्या ऑफिसात ८ एमबीचा पीडीएफही अडतो. लिंक पाठवा.
- ५.७ ने सुरू होणारे: पत्ता बरोबर आहे, पण समोरच्या सर्व्हरचा तुमच्यावर विश्वास नाही.
- ४ ने सुरू होणारे: तात्पुरती अडचण. पाठवणारा सर्व्हर स्वतःच पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहतो, कधी चार-पाच दिवसांपर्यंत. 'डिलेड' अशी सूचना आली म्हणून तोच मेल पाच वेळा पाठवू नका; पाचही पोचतील.

आपण न पाठवलेल्या मेलचे नकार येऊ लागले, तर कुणीतरी तुमचा पत्ता वापरून कचरा पाठवतंय. पासवर्ड बदला आणि सेंट फोल्डर तपासा.

नकारही नाही, मेलही नाही, तेव्हा शोध घेणाऱ्याच्या बाजूने सुरू करा. जीमेलचा नेहमीचा शोध स्पॅम आणि ट्रॅशमध्ये डोकावत नाही. शोधाच्या पर्यायांत 'मेल अँड स्पॅम अँड ट्रॅश' निवडावं लागतं. मग प्रमोशन्सचा टॅब, जुने फिल्टर, ब्लॉक केलेले पत्ते आणि कधीकाळी लावून विसरलेलं फॉरवर्डिंग. त्यानंतर जागा बघा. गूगलच्या मोफत खात्यात मिळणारे १५ जीबी हे जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांचे मिळून असतात आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही त्यातच मोजला जातो. सगळ्या ग्रुपांवरचे सुप्रभातचे व्हिडिओ बॅकअपमध्ये साठत जातात, जागा भरते आणि एक दिवस नोकरीच्या मुलाखतीचा मेल येईनासा होतो. व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधून व्हिडिओ वगळले तरी पुष्कळ जागा सुटते.

फक्त एकाच माणसाचे मेल येत नाहीत की सगळ्यांचेच, हेही तपासा. वेगळ्या कंपनीच्या खात्यावरून स्वतःलाच एक मेल पाठवा आणि उलट दिशेनेही एक पाठवून बघा. येतात पण जात नाहीत, असं असेल तर मेल प्रोग्राममधल्या जाणाऱ्या सर्व्हरची सेटिंग बघा. घरगुती कनेक्शनवर २५ क्रमांकाचा पोर्ट बऱ्याच कंपन्या बंद ठेवतात. तिथे ५८७ किंवा ४६५ हवा. वेबवर मेल दिसतो पण फोनमधल्या ॲपमध्ये येत नाही, तर दोष ॲपमध्ये किंवा त्यात साठवलेल्या जुन्या पासवर्डमध्ये.

साइट तुमचीच असेल तर

व्यवसायाची स्वतःची साइट आणि त्याच नावाचा मेल असणाऱ्यांनी सगळ्यात आधी हे बघावं: दोन्ही एकदम बंद पडले की एकच?

दोन्ही एकदम गेले, तर पहिला संशय डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नावाच्या, मुदतीवर. कुठल्याही 'हूइज' साइटवर आपलं नाव टाकलं की मुदतीची तारीख दिसते. 'क्लायंट होल्ड' असा शेरा असेल तर रजिस्ट्रारने, म्हणजे ज्या कंपनीकडे नाव नोंदवलं तिने, नाव रोखून धरलं आहे. यात मोठमोठ्यांची फजिती झाली आहे. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टकडून 'पासपोर्ट डॉट कॉम'चं नूतनीकरण राहून गेलं आणि हॉटमेलच्या ग्राहकांना लॉगिन करता येईना. शेवटी मायकल चेनी या लिनक्स प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले. डॉट कॉमसारख्या नावांची मुदत टळली तरी ती परत मिळवायला काही दिवसांची सवड असते, पण उशीर होईल तसा भुर्दंड वाढतो. यातला सापळा असा की मुदतीची आठवण करून देणारे मेल बऱ्याचदा त्याच डोमेनच्या पत्त्यावर येतात. नाव बंद पडलं की नंतरच्या सूचनाही बंद. म्हणून रजिस्ट्रारकडे नेहमी वेगळ्या खात्याचा पत्ता आणि स्वतःचा चालू मोबाइल नंबर द्या. साइट बनवून देणाऱ्या मुलाचा नको.

साइट झकास चालतेय पण मेल थांबले, तर अलीकडे साइट नव्या होस्टिंगवर हलवली का ते आठवा. साइटचा पत्ता आणि मेलचा पत्ता यांच्या नोंदी डीएनएसमध्ये वेगवेगळ्या असतात; मेलच्या नोंदीला एमएक्स म्हणतात. नवा डिझायनर नेमसर्व्हर बदलतो, साइटची नोंद करतो आणि एमएक्स उतरवून घ्यायला विसरतो. मग ग्राहकांचे मेल साइटच्या नव्या यंत्राकडे जातात आणि ते यंत्र 'इथे असं कुणी नाही' म्हणून परत पाठवतं. दुकानदाराला काहीच कळत नाही. ऑर्डरी मंदावल्या एवढंच जाणवतं. होस्टिंग बदलण्याआधी जुन्या सगळ्या डीएनएस नोंदींचा स्क्रीनशॉट काढून ठेवला, तर दहा मिनिटांत हे निस्तरतं. बदल सगळीकडे पोचायला काही तास, कधी एक-दोन दिवसही लागतात.

तुमचे मेल लोकांच्या स्पॅममध्ये पडत असतील, तर जीमेलवर स्वतःला एक मेल पाठवून 'शो ओरिजिनल' उघडा. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन ओळी दिसतील. तिन्हींपुढे 'पास' हवं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी याबाबत नियम कडक केले आहेत. एखादी ओळ गायब असेल किंवा 'फेल' असेल, तर होस्टिंगवाल्याला तोच तक्ता पाठवा.

साइटवर अचानक 'सुरक्षित नाही' येऊ लागलं, तर प्रमाणपत्राची तारीख बघा. लेट्स एन्क्रिप्टची मोफत प्रमाणपत्रं फार तर ९० दिवसांची असतात. सगळ्याच प्रमाणपत्रांची कमाल मुदत आता टप्प्याटप्प्याने कमी होत २०२९ पर्यंत ४७ दिवसांवर येणार आहे. तेव्हा हाताने बदलत बसण्याऐवजी होस्टिंगच्या पॅनेलमध्ये आपोआप नूतनीकरण चालू आहे ना, याची खात्री करून घ्या.

तक्रार अशी लिहा

इतकं केल्यावर तुमच्या हातात जी माहिती जमते, ती कस्टमर केअरच्या पहिल्या पाच प्रश्नांची उत्तरं असते. ती एका दमात द्या: 'काल संध्याकाळी ७ वाजल्यापासून अमुक साइट घरच्या ब्रॉडबँडवर उघडत नाही. मोबाइल डेटावर उघडते. बाकी साइट चालतात. दोन लॅपटॉप आणि दोन ब्राउझरवर तपासलं, दोन्हीकडे टाइम्ड आउट येतं. डीएनएस बदलून फरक पडला नाही. स्क्रीनशॉट आणि ट्रेसर्टचा निकाल जोडला आहे.' एवढं वाचल्यावर 'सर, राउटर रीस्टार्ट करून बघा' म्हणायला फारशी जागा उरत नाही. तक्रारीचा क्रमांक घ्या. इंटरनेट कंपनीने दाद दिली नाही, तर दूरसंचार नियामक 'ट्राय'च्या नियमांनुसार त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. तिथे तो क्रमांक लागतो.

कस्टमर केअरचा नंबर मात्र गूगलवर शोधून लावू नका. अडलेल्या माणसासाठी खोटे नंबर पेरून ठेवलेले असतात. बिलावरचा किंवा कंपनीच्या ॲपमधला नंबर वापरा. 'नेट दुरुस्त करतो' म्हणत कुणी स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला किंवा ओटीपी सांगायला सांगितलं, तर फोन ठेवा. फसगत झालीच तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

शेवटी मुदतीच्या कामांबद्दल. फॉर्मचा, फीचा किंवा रिटर्नचा शेवटचा दिवस आहे आणि तपासणीतून दोष पलीकडचाच ठरला, तर घरच्या यंत्रांशी झगडण्यात वेळ दवडू नका. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, थोड्या वेळाने दुसऱ्या नेटवर्कवरून आणखी एक काढा आणि मुदत संपण्याच्या आत दोन्ही स्क्रीनशॉट जोडून संबंधित हेल्पडेस्कला मेल करा. तो मेल परत तर आला नाही ना, हे बघा आणि त्याची प्रत जपून ठेवा. मुदत वाढली तर उत्तमच. नाही वाढली तर आपण वेळेत प्रयत्न केला होता, हे दाखवायला तोच कागद उपयोगी पडेल.